ऑक्टेव्हिया व्हीआरएसला कोल्ड एअर इंटेक: बसवणं सोपं, सील राखणं अवघड

प्रश्न असा आहे: 2017 ची स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस 230, पुण्यात वापर, महिन्यातून एक-दोनदा घाट. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) कंपनीचाच, ट्यून केलेला नाही, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदललेलं नाही. कोल्ड एअर इंटेकचा किट (बाहेरची थंड हवा इंजिनाकडे आणणारा फिल्टर-नळीचा संच) मागवला आहे आणि घरीच बसवायचा आहे. पिकअप किती वाढेल, ट्यून करावाच लागेल का, आणि बसवताना काय सांभाळायचं?

ट्यून करावा लागणार नाही. पिकअप पाठीला जाणवेल इतका वाढणार नाही. सांभाळायचं मात्र बरंच आहे, कारण या गाडीत फिल्टरनंतरच्या वाटेत फट राहिली तर चेक इंजिनचा दिवा बहुधा लागतच नाही. धूळ निमूटपणे टर्बोत जात राहते.

हे शेवटचं आधी समजून घ्या. बऱ्याच गाड्यांत फिल्टरच्या पुढे आत जाणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असतो. त्याच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, कुठे गळती झाली की मोजलेली हवा आणि सिलिंडरमध्ये पोहोचलेली हवा यांचा मेळ बसत नाही, मिश्रण पातळ होतं आणि ईसीयू पी0171 सारखा कोड टाकतो. तुमच्या गाडीतल्या ईए888 तिसऱ्या पिढीच्या 2.0 टीएसआय इंजिनाला हा सेन्सरच नाही. ते मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतला) दाब, तापमान आणि आरपीएम यांवरून हवा ठरवतं. टर्बोच्या आधी फट असेल तर तिथून आत आलेली हवाही पुढे मॅनिफोल्डमध्ये मोजली जाते, हिशेब जुळतो, इंजिन गुळगुळीत चालतं. फक्त ती हवा गाळलेली नसते. लाखाहून जास्त आरपीएमने फिरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या (टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या चाकाच्या) पात्यांवर कात्रज-नवले पुलाकडची धूळ आपटत राहिली, की कडा खरखरीत व्हायला फार दिवस लागत नाहीत. सिलिंडरच्या भिंती आणि रिंगा त्याच्या पुढे.

सेन्सर नसल्याचा फायदाही आहेच. फोर्ड मस्टँग जीटीसारख्या सेन्सरवाल्या गाडीत ज्या नळीत सेन्सर बसतो तिचा आतला व्यास बदलला की मोजमापच बिघडतं. समजा 80 मिमीच्या जागी 90 मिमीची नळी आली. क्षेत्रफळ वाढल्यामुळे तितकीच हवा सेन्सरवरून हळू जाते आणि सेन्सर सुमारे 21 टक्के कमी हवा सांगतो. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते सावरून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला मिश्रण पातळ होऊन पिस्टनवर बेतू शकतं. म्हणून तशा गाडीत एक तर किटची नळी मूळ व्यासाची हवी, नाहीतर ट्यून हवाच. तुमची गाडी या भानगडीतून सुटली आहे.

आता पिकअप. ही गाडी 230 पीएस आणि 350 न्यूटन-मीटरची. तिचा ईसीयू टॉर्कच्या हिशेबाने चालतो: पेडल दाबलं की तो ठरावीक टॉर्क मागतो, त्यासाठी लागणारा बूस्ट, म्हणजे टर्बोने द्यायचा हवेचा जादा दाब, ठरवतो आणि इलेक्ट्रिक वेस्टगेट (एक्झॉस्टला टर्बो टाळून जाऊ देणारी झडप) हलवून तो मिळवतो. हवेची वाट मोकळी झाली, की तोच बूस्ट टर्बोला कमी कष्टात मिळतो आणि ईसीयू वेस्टगेट थोडा जास्त उघडा ठेवतो. टॉर्क होता तिथेच. फायदा टर्बोच्या वाट्याला येतो, तुमच्या पाठीला नाही.

तो किती, याचा ढोबळ हिशेब करता येतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, म्हणजे हवेचा दाब सुमारे 95 किलोपास्कल. बूस्ट धरून टर्बोच्या पुढे 220 किलोपास्कल दाब लागतो असं समजा. वाटेत काहीच अडथळा नसेल तर टर्बोला दाब 2.32 पट करावा लागेल. फिल्टर आणि नळीत 4 किलोपास्कल खर्च झाले तर 2.42 पट. बाहेरची हवा 35 अंश आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर पहिल्या वेळी हवा सुमारे 155 अंशांवर बाहेर पडते, दुसऱ्या वेळी 162 वर. सात अंशांचा फरक, त्यातला बराचसा इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारी जाळी) खाऊन टाकतो. आणि हा फरक तरी अडथळा अजिबात नसलेल्या हवेशी. कुठलाही किट शून्य अडथळ्याचा नसतो.

पण हाच हिशेब गरम हवेचा करा. उघडा फिल्टर बॉनेटखालची 60 अंशांची हवा ओढू लागला, तर 2.32 पटीलाच हवा 189 अंशांवर बाहेर येते. तोंडाशी वाढलेले 25 अंश कॉम्प्रेसरमधून जाताना 34 होतात. म्हणजे अडथळा कमी करून जास्तीत जास्त जे कमवाल, त्याच्या चौपट-पाचपट गरम हवेने घालवाल. म्हणून किट निवडताना एकच गोष्ट बघायची: फिल्टर बंद डब्यात आहे का, आणि त्या डब्याचं तोंड बाहेरच्या हवेला जोडलेलं आहे का. तीन बाजूंनी पत्रा, वर बॉनेटला टेकणारी रबरी पट्टी, हा प्रकार मधला. ती पट्टी बॉनेटला खरोखर टेकत असेल तरच त्याला अर्थ. नुसता नळीच्या टोकाला लावलेला शंकू तर कोल्ड एअर इंटेक नव्हेच. आवाज मस्त येतो, आवाजासाठी हवा असेल तर घ्या, पण मग आवाजासाठी घेतला असं मनाशी कबूल करा.

नळी किती जाड हवी यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. 230 पीएसच्या इंजिनाला पूर्ण जोरात मिनिटाला साधारण दहा किलो हवा लागते. आतून 76 मिमीच्या नळीतून ती सेकंदाला सुमारे 35 मीटरने जाते. या वेगाला गुळगुळीत सरळ नळीत होणारा तोटा नगण्य असतो. तोटा होतो तो तीव्र वळणांत आणि फिल्टरमध्ये. त्यामुळे चार इंची नळीच्या जाहिरातीला भुलू नका. पुढेमागे स्टेज 1 ट्यून करणार असाल तर बंद डब्याच्या चांगल्या किटला थोडा अर्थ आहे, मोठा टर्बो बसवणार असाल तर नक्कीच आहे. आज, कंपनीच्या ट्यूनवर, जुना कागदी फिल्टर काढून नवा टाकलात तरी त्यातला बराच फायदा पदरात पडेल.

फिल्टर तेलाचा सुती की कोरडा सिंथेटिक? आपल्याकडच्या धुळीला कोरडा बरा. सुती फिल्टरची गाळणी तेलावर अवलंबून असते. तेल कमी पडलं की बारीक धूळ निसटते, जास्त झालं की तेलाचे थेंब टर्बोकडे ओढले जातात. किटबरोबर सुतीच आला असेल तर चालेल, पण धुणं शिकून घ्या. ते पुढे सांगतो.

बसवण्याआधी एक काम, जे जवळपास कोणी करत नाही: आधीची नोंद. ओबीडीइलेव्हन किंवा व्हीसीडीएस (ईसीयूचे आकडे वाचणारी साधनं) लावून आरपीएम, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, हवेचं तापमान, प्रत्येक सिलिंडरचं मागे घेतलेलं इग्निशन आणि वेस्टगेटची स्थिती नोंदवा. डायनोवर (रोलरवर गाडी चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) झालं तर उत्तम. नाहीतर मोकळ्या रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये तिसऱ्या गिअरमध्ये, कायद्याच्या वेगात, साठ ते शंभर, तीनदा, दिवसाची तीच वेळ. किट बसल्यावर पुन्हा तसंच. या गाडीत इंटेकचा खरा दाखला वेस्टगेट देतो. तेवढ्याच बूस्टला तो आधीपेक्षा जास्त उघडा राहिला तर किटने काम केलं. तापमानाच्या आकड्यावर मात्र भाळू नका. तो इंटरकूलरनंतरचा असतो, टर्बोच्या तोंडाशी काय चाललंय ते त्यात निम्मं-शिम्मंच दिसतं.

आता हत्यारं. टी 20, टी 25, टी 30 चे टॉर्क्स बिट, लांब एक्स्टेंशन, स्प्रिंग क्लॅम्पसाठी पक्कड, क्लॅम्पच्या स्क्रूसाठी 7 मिमी सॉकेट, छोटा टॉर्क पाना, लांब दांड्याचं चुंबक, टॉर्च आणि धागे न सुटणारी दोन स्वच्छ फडकी. फडकी गडद रंगाची नकोत. टर्बोच्या तोंडात राहिलेलं काळं फडकं दिसत नाही. लाल किंवा पिवळं घ्या.

इंजिन पूर्ण गार हवं, किमान तीन तास. टर्बो इंजिनच्या मागे, फायरवॉलच्या बाजूला आहे आणि हात नेमका तिथेच घालायचा आहे. इंजिनावरचं प्लॅस्टिकचं कव्हर वर ओढलं की निघतं. पुढच्या आडव्या पट्टीवर हवा घेणारं चपटं तोंड टी 25 च्या दोन स्क्रूंनी बसलेलं असतं, ते काढा. मग डाव्या बाजूला बॅटरीशेजारी फिल्टरचा डबा दिसेल. डब्यातून इंजिनाच्या मागे जाणाऱ्या होजचा स्प्रिंग क्लॅम्प पक्कडीने दाबून मागे सरकवा. होज अडकला असेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. हाताने गोल पिळा, सुटतो. डब्याला लागलेल्या बारीक नळ्या आणि वायरीच्या क्लिपा सोडवा आणि सोडवण्यापूर्वी फोनवर फोटो काढून ठेवा. डब्याचा बोल्ट काढला की डबा खालच्या रबरी खुंट्यांवरून सरळ वर ओढायचा. तिरका ओढलात तर रबर निसटून गिअरबॉक्सच्या दिशेने पडतं आणि मग अर्धा तास ते शोधण्यात जातो.

होज निघाल्याक्षणी टर्बोकडच्या तोंडात फडकं कोंबा. फडक्याचा शेपटा बाहेर लोंबता ठेवा आणि गाडीची किल्ली खिशात, घरच्यांच्याही हाती लागू देऊ नका. या कामात इंजिन मारायचा हा एकमेव झटपट मार्ग आहे: एक वायसर आत पडणं आणि कोणीतरी स्टार्ट देणं.

किटमध्ये टर्बोच्या तोंडावरचा कोपराही असेल तर काम अवघड होतं. तो टॉर्क्स बोल्टांनी बसलेला असतो आणि जागा अशी की बोल्ट डोळ्यांना दिसत नाही, बोटांनीच चाचपायचा. इंजिनातल्या वाफा परत आणणारी नळीही इथेच जोडलेली असते, तिच्या जोडाचं सील फार बघण्यासारखं. जुनं ओ-रिंग दाबून दाबून चपटं झालेलं असतं. ते उलटसुलट करून पुन्हा वापरण्याचा मोह टाळा, नवं घाला आणि बोटाच्या टोकावर येईल इतकंच सिलिकॉन ग्रीस लावा. कोरडं ओ-रिंग आत जाताना मुरगळतं, पीळ पडतो आणि बाहेरून जोड अगदी नीट बसल्यासारखा दिसतो. बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे फिरवा. अॅल्युमिनियमचे आटे तिरक्या बोल्टाने गेले तर टर्बोच खाली उतरवावा लागतो. इथे शंका वाटली तर तेवढंच काम ओळखीच्या गॅरेजला द्या, बाकीचं तुम्ही करा. कोपरा न बदलता नुसता डबा आणि होज बदलला तरी किट चालतो.

उलट क्रमाने बसवताना सगळं आधी ढिलं जोडा. क्लॅम्प सरकवून ठेवा, आवळू नका. डबा खुंट्यांवर बसला, नळी सरळ झाली, सिलिकॉन होज दोन्ही टोकांना किमान 20-25 मिमी चढला, की मग आवळायला घ्या. होज चढत नसेल तर आतून साबणाच्या पाण्याचं बोट फिरवा. तेल किंवा ग्रीस लावू नका, इंजिनाच्या हलण्याने होज हळूहळू सरकतो. स्क्रूच्या क्लॅम्पला 3 ते 4 न्यूटन-मीटर पुरे. त्याहून जास्त आवळलं तर पट्टीच्या खाचांतून सिलिकॉन बाहेर फुगायला लागतं. ते दिसलं की समजा, सहा महिन्यांत तिथे होज कापला जाणार. क्लॅम्पचा स्क्रू अशा बाजूला ठेवा की तो बॅटरीच्या ट्रेला, वायरींना किंवा बॉनेटच्या अस्तराला घासणार नाही. इंजिन स्टार्ट होताना आणि बंद होताना चांगलंच हलतं, त्यामुळे नळीभोवती सगळीकडे बोटभर जागा हवी.

बॉनेट हळू लावा आणि मध्येच थांबून कानाने ऐका. डब्याचं झाकण उंच असेल तर आधीच टेकतं. खात्रीसाठी झाकणावर ओल्या चिकणमातीचा छोटा गोळा ठेवून बॉनेट लावा, उघडा आणि गोळा किती चपटा झाला ते बघा. पाच मिमीपेक्षा पातळ झाला असेल तर डबा खाली बसवायची सोय करा.

स्टार्ट करण्यापूर्वी फडकी मोजा. दोन आत गेली होती, तर दोन बाहेर हवीत.

आता सीलची तपासणी, जी या गाडीत दिवा करणार नाही. साबणाचं पाणी इथे उपयोगाचं नाही, कारण टर्बोच्या आधी दाब नाही, ओढ असते, बुडबुडे येत नाहीत. गॅरेजमध्ये स्मोक मशिन असेल तर फिल्टर काढून नळीला बूच लावा आणि अगदी कमी दाबाने धूर सोडून बघा. घरी करायचं तर अंधारात डब्यात आणि नळीत पेटता टॉर्च ठेवा आणि बाहेरून जोडांवर कुठे उजेडाची रेघ दिसते का ते पाहा. त्याहून पक्की खूण म्हणजे फिल्टर जिथे नळीवर चढतो त्या गळ्याच्या आतल्या बाजूला, फिल्टरच्या पुढे, ग्रीसचा पातळ हात फिरवून ठेवणं. पाचशे किलोमीटरनंतर उघडा. ग्रीस स्वच्छ असेल तर छान. एका जागी बोटाएवढा राखाडी पट्टा दिसला, चिमटीत घेतल्यावर कचकच लागली, तर धूळ नेमकी त्याच बाजूने घुसते आहे. क्लॅम्प तिथे वाकडा बसला असेल, नाहीतर फिल्टरचं रबर दुमडलं असेल. टर्बोजवळच्या नळीत तेलाचा ओलावा दिसला तर घाबरू नका, तो इंजिनातल्या वाफांचा, तिथे असतोच. म्हणूनच ही परीक्षा वाफांच्या नळीच्या बरीच आधी, फिल्टरच्या गळ्याशी करायची.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा बघा, सिलिकॉन बसल्यावर थोडे ढिले पडतात. टर्बोचा सुस्कारा आणि फुसफुस आता मोठ्याने ऐकू येईल, ते साहजिक. थ्रॉटलबरोबर चढणारी बारीक शिट्टी मात्र साहजिक नाही. ती फटीची असते.

पाऊस. तुमच्या गाडीचं मूळ तोंड बॉनेटच्या पुढच्या कडेशी, बऱ्यापैकी उंचावर आहे. किट त्याच तोंडाला जोडणारा असेल तर पावसात चिंता नाही, फक्त डब्याच्या तळाला पाणी निघायचं छिद्र उघडं आहे ना ते बघा. बंपरच्या आत, फॉगलँपच्या मागे फिल्टर लोंबवणारे किट मिळतात. थंड हवा त्यांना उत्तम मिळते, पण जुलैत सिंहगड रोडवर तुंबलेल्या पाण्यात तो फिल्टर बुडाला की इंजिन पाणी पितं, आणि पाणी दाबलं जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. इकडे तसला किट घेऊच नये. गाडी धुणाऱ्यालाही सांगून ठेवा: बॉनेट उघडून प्रेशरचं पाणी मारायचं नाही.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. व्यवहारात बॉनेटखालच्या इंटेकवरून कोणी अडवणं विरळा, पण इन्शुरन्सच्या दाव्याच्या वेळी सर्व्हेयर बॉनेट उघडतोच. कॅलिफोर्नियात असलेल्या आपल्या मंडळींसाठी नियम निराळा: तिथे किटला राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मान्यतेचा (ईओ) क्रमांक हवा आणि त्याचं स्टिकर बॉनेटखाली दिसेल असं लावायचं, नाहीतर स्मॉग तपासणीत गाडी अडकते.

फिल्टरची निगा. पुण्यात, जिथे बाराही महिने कुठे ना कुठे खोदकाम चालू असतं, दर 5,000 किलोमीटरला उघडून बघा. कंप्रेसरची हवा मारू नका. कापसाचे धागे फाकतात आणि भोकं डोळ्यांना दिसतही नाहीत. क्लीनर फवारून दहा मिनिटं ठेवा, मग आतून बाहेर मंद धारेने पाणी सोडा, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने परत जाते. सावलीत वाळवा, हेअर ड्रायर नको, पूर्ण रात्र द्या. सुती असेल तर तेल प्रत्येक घडीच्या माथ्यावरून एकदाच ओढा आणि वीस मिनिटं थांबा. फिकट राहिलेल्या जागी पुन्हा एक हात. तेल निथळत असेल तर ते जास्त झालं, कागदाच्या रुमालात गुंडाळून रात्रभर ठेवा. कोरड्या फिल्टरला तेल अजिबात लावायचं नाही. गॅरेजमधला पोरगा सवयीने लावतो, तेवढं लक्ष ठेवा.

मूळ डबा, झाकणाचे स्क्रू, स्प्रिंग क्लॅम्प आणि खालची रबरं एका पिशवीत घालून, वर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. गाडी विकताना ते परत बसवायला तासभर पुरतो, पण त्यातलं एक रबर हरवलं तर डबा कंपनीचा असूनही खडखडतो.